निवृत्त शिक्षकांचा आरोग्य विमा : ५८ ते ७० ही बारा वर्षं कशी सांभाळाल?

निवृत्तीच्या वर्षात शिक्षकाच्या घरात कागदांची मोठी धावपळ असते. सेवापुस्तक, पेन्शनचा प्रस्ताव, उपदान, अंशराशीकरण, भविष्य निर्वाह निधी. या सगळ्या कागदांत एक गोष्ट कुठेच ठळक लिहिलेली नसते : सेवेत असताना आजारपणाच्या खर्चाला जो आधार होता, तो आता राहणार नाही. ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येते ती रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवर.

गेल्या काही काळात आरोग्य विम्याचे नियम बरेच बदलले. महात्मा फुले जन आरोग्य योजना पांढऱ्या रेशनकार्डापर्यंत पोहोचली. सत्तरीपुढच्या सर्वांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आलं. खासगी पॉलिसींवरचा जीएसटी गेला. बातम्या ऐकून अनेक जण विचारतात, "डॉक्टर, आता सगळं फुकट झालंय ना? मग पॉलिसी कशाला भरायची?"

थोडक्यात उत्तर असं : सरकारी कार्ड प्रत्येकानं काढावंच, पण शिक्षक ५८व्या वर्षी निवृत्त होतो आणि वय वंदना कार्ड ७०व्या वर्षी मिळतं. मधली बारा वर्षं हीच हृदयविकार, मधुमेहाच्या गुंतागुंती, प्रोस्टेट, कर्करोग यांची वर्षं असतात. त्या काळासाठी काय करायचं, हे निवृत्तीच्या आधीच ठरवावं लागतं. कारण विम्यात तुमच्या वयाइतकंच महत्त्व तुमच्या आजारांना असतं, आणि हे दोन्ही थांबत नाहीत.

सेवेत काय होतं आणि काय थांबतं?

सेवेतील कर्मचाऱ्याला ठरावीक आकस्मिक आणि गंभीर आजारांच्या उपचारांसाठी वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मिळते. बिलं जोडायची, जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यायची, मग पैसे येणार. काम किचकट आणि वेळखाऊ, पण आधार होता. निवृत्तीनंतर तो हक्क नेहमीच्या स्वरूपात उरत नाही.

"आम्ही सरकारी कर्मचारी होतो, आम्हाला काहीतरी असेलच," असं अनेकांना वाटतं. इथे एक फरक समजून घ्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक हे जिल्हा परिषदेचे कर्मचारी असतात. अनुदानित शाळेतले शिक्षक संस्थेचे कर्मचारी असतात, पगार शासनाच्या अनुदानातून येतो. विनाअनुदानित शाळेतल्यांना तर पेन्शनचाही आधार नसतो. राज्य शासनाने निवृत्त होणाऱ्या अधिकारी-कर्मचाऱ्यांसाठी गट विम्याची योजना आणली, तरी ती प्रत्येक संवर्गाला आपोआप लागू होते असं धरून चालू नका. निवृत्तीच्या सहा महिने आधी आपल्या लेखा विभागात किंवा वेतन पथकात लेखी अर्ज देऊन विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. शिक्षक मित्राच्या सांगण्यावर थांबू नका. त्याचा संवर्ग वेगळा असू शकतो.

पहिला पर्याय : महात्मा फुले जन आरोग्य योजना

२०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली ही योजना २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांच्या नावानं ओळखली जाऊ लागली. सुरुवातीला ती पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डधारकांसाठी होती. पेन्शनर शिक्षकाकडे बहुधा पांढरं कार्ड, म्हणून तो बाहेर.

जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं योजनेचा विस्तार ठरला आणि २०२४ मध्ये तो प्रत्यक्षात आला. आता पांढऱ्या कार्डाची कुटुंबंही पात्र आहेत आणि संरक्षण दर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे. विस्तारात १,३५६ उपचारांचा समावेश झाला. मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा साडेचार लाख रुपये करण्यात आली. प्रीमियम भरावा लागत नाही, वयाची अट नाही आणि आधीपासून असलेल्या आजारालाही थांबावं लागत नाही. बारा वर्षांच्या त्या मधल्या काळात निवृत्त शिक्षकासाठी हा सगळ्यात मोठा बदल आहे.

यासाठी दोन गोष्टी तयार हव्यात : रेशनकार्ड आणि आधार. अडचण नेमकी इथेच येते. पांढऱ्या कार्डावर धान्य मिळत नाही म्हणून ते वर्षानुवर्षं कपाटात पडून असतं. त्यावर सुनेचं नाव चढलेलं नसतं, बदलीच्या गावचा जुना पत्ता असतो, आधारवरचं नाव आणि कार्डावरचं नाव जुळत नाही. विवाहित शिक्षिकांच्या बाबतीत हा घोटाळा जास्त दिसतो : सेवापुस्तकात एक नाव, आधारवर दुसरं. रेशनकार्ड ऑनलाइन नोंदलेलं आहे का, त्याला बारा अंकी क्रमांक मिळाला आहे का आणि नावं जुळतात का, हे तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत आजच तपासा. रुग्ण अतिदक्षता विभागात असताना हे काम करणं फार जड जातं.

अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो. दाखल होण्याआधी तिथे जा. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घेण्याची आणि कागद नंतर देण्याची सोय आहे, पण ती आरोग्यमित्रामार्फतच होते. योजनेचा हेल्पलाइन क्रमांक १५५३८८ आहे.

दुसरा पर्याय : आयुष्मान वय वंदना कार्ड

प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ती ७० वर्षं आणि त्यापुढच्या सर्वांसाठी खुली झाली. उत्पन्न कितीही असो, पेन्शन कितीही असो. नोंदणी आधारवरच्या वयाप्रमाणे होते. आयुष्मान ॲपवरून, सेवा केंद्रातून किंवा अंगीकृत रुग्णालयात आधारची पडताळणी करून कार्ड काढता येतं. हेल्पलाइन १४५५५.

काही बारकावे लक्षात ठेवा.

५ लाखांची मर्यादा कुटुंबातल्या ७०+ व्यक्तींसाठी मिळून असते. पती-पत्नी दोघेही सत्तरीपुढचे असतील, तर ५ लाख दोघांत मिळून. ज्यांचं कुटुंब आधीच आयुष्मान योजनेत आहे, त्यांच्या ७०+ सदस्यांना वेगळे ५ लाख मिळतात, ते घरातल्या तरुण सदस्यांशी वाटून घ्यावे लागत नाहीत.

पती ७२ आणि पत्नी ६६ अशी जोडी असेल, तर पतीचं वय वंदना कार्ड निघेल. पत्नीला त्यात येता येणार नाही, तिच्यासाठी महात्मा फुले योजना. हे माहीत नसल्यानं "साहेबांचं कार्ड आहे" म्हणून अनेक घरांत बाईंचं काहीच केलेलं नसतं.

खासगी पॉलिसी असली, तरी वय वंदना कार्ड काढता येतं. पण सीजीएचएस किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएससारखी सरकारी योजना असेल, तर ती किंवा हे कार्ड यांपैकी एकाचीच निवड करावी लागते. पती केंद्र सरकारच्या सेवेतून आणि पत्नी शाळेतून निवृत्त, अशा घरांनी घाईनं जुनी योजना सोडू नये. सीजीएचएसमध्ये ओपीडीची औषधं मिळतात, वय वंदनात मिळत नाहीत.

वय वंदना कार्ड देशातल्या योजनेच्या इतर अंगीकृत रुग्णालयांतही चालतं. मुलाकडे बंगळूरला किंवा हैदराबादला वर्षातले सहा महिने राहणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचं आहे. महात्मा फुले योजना मात्र प्रामुख्यानं राज्यातल्या रुग्णालयांपुरती आहे.

या दोन्ही कार्डांच्या मर्यादा

दोन्ही योजना मुख्यतः दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहेत. महिन्याची शुगर-बीपीची औषधं, ओपीडीतल्या तपासण्या, चष्मा, दात, श्रवणयंत्र यांचा खर्च तुमचाच. आयुष्मान योजनेत दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस धरले जातात. अँजिओप्लास्टी झाली, तर ती योजनेत होईल. नंतर आयुष्यभर घ्यायच्या गोळ्या खिशातून.

दुसरी मर्यादा रुग्णालयांची. तुमचे नेहमीचे डॉक्टर ज्या रुग्णालयात काम करतात, ते योजनेत असेलच असं नाही. रुग्णालय योजनेत असलं, तरी प्रत्येक विभाग असतोच असं नाही. हृदयविकारासाठी अंगीकृत असलेलं रुग्णालय गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी नसू शकतं. म्हणून "तुमच्याकडे योजना चालते का?" असा प्रश्न विचारू नका. "माझ्या या आजारासाठी, या उपचारासाठी चालते का?" असं विचारा.

आत्ताच एक काम करा. घरापासून तासाभराच्या अंतरातली तीन रुग्णालयं निवडा : हृदयासाठी, अपघात-हाडांसाठी आणि कर्करोगासाठी. ती दोन्ही योजनांत आहेत का, ते तपासून कागदावर लिहा आणि तो कागद फ्रिजवर चिकटवा.

तिसरा पर्याय : स्वतःची पॉलिसी, आणि तिचं घड्याळ

स्वतःची पॉलिसी कशासाठी? हव्या त्या रुग्णालयात जाता यावं, योजनेत न बसणारा उपचार घेता यावा आणि ५ लाखांच्या पुढचा खर्च सांभाळता यावा, यासाठी. ज्यांना हे परवडतं, त्यांनी ती घ्यावी. पण कधी घेतली, यावर तिचा उपयोग ठरतो.

पॉलिसी घेताच एक घड्याळ सुरू होतं. पहिले ३० दिवस अपघात सोडून बहुतेक कशालाच पैसे मिळत नाहीत. मोतीबिंदू, हर्निया, प्रोस्टेट, गुडघेबदल, व्हेरिकोज व्हेन्स अशा ठरावीक आजारांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. तीस-पस्तीस वर्षं फळ्यासमोर उभं राहिलेल्यांना यातले शेवटचे दोन चांगलेच ओळखीचे असतात. आणि आधीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ असतो. तो पूर्वी जास्तीत जास्त ४ वर्षं ठेवता येत असे. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनी तो ३ वर्षांवर आणला.

आता हिशेब करा. ५५व्या वर्षी पॉलिसी घेतली, तर ५८व्या वर्षी, म्हणजे निवृत्तीच्या सुमारास, तुमचा जुना मधुमेह आणि रक्तदाबही त्यात आलेला असतो. ५८व्या वर्षी घेतली, तर ६१ पर्यंत थांबायचं. ६६व्या वर्षी घेतली, तर ६९. तोवर वय वंदना कार्ड जवळ आलेलं असतं आणि प्रीमियमही बराच वाढलेला असतो. सेवेत असताना "प्रतिपूर्ती आहे ना" म्हणून पॉलिसी टाळणं म्हणूनच महागात पडतं.

आणखी एक कालमर्यादा तुमच्या बाजूची आहे. सलग ६० महिने प्रीमियम भरल्यानंतर, सिद्ध झालेली फसवणूक सोडून, आजार लपवल्याचं कारण देऊन कंपनी दावा नाकारू शकत नाही. ही मुदत पूर्वी आठ वर्षं होती. पण एक हप्ता चुकवून पॉलिसी खंडित झाली, की घड्याळ पुन्हा शून्यावर येऊ शकतं. पेन्शनच्या खात्यातून आपोआप हप्ता जाईल अशी सोय करा.

वय जास्त आहे, पॉलिसी मिळेल का?

२०२४ च्या नियमांनंतर, ६५ पर्यंतच विमा, ही जुनी रेषा उरलेली नाही. कंपन्यांनी सर्व वयोगटांसाठी योजना द्याव्यात अशी अपेक्षा आहे. पण कोणत्या व्यक्तीला, कोणत्या अटींवर आणि किती प्रीमियमला विमा द्यायचा, हे कंपनी तुमच्या तब्येतीवरून ठरवते. बायपास झालेल्या ६७ वर्षांच्या व्यक्तीला एक कंपनी नाही म्हणेल, दुसरी जास्त प्रीमियम घेऊन हो म्हणेल. एका नकारावर थांबू नका.

प्रीमियमचं काय?

दोन बातम्या तुमच्या बाजूच्या आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य पॉलिसींवरचा १८ टक्के जीएसटी रद्द झाला. मूळ प्रीमियम ४०,००० रुपये असेल, तर पूर्वी ४७,२०० भरावे लागत. कराचे ७,२०० वाचले. ही सूट वैयक्तिक पॉलिसींना आहे, गट विम्याला नाही.

दुसरी बातमी जानेवारी २०२५ ची. ज्येष्ठ नागरिकांचा प्रीमियम एका वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल, तर कंपनीनं आधी नियामकाशी सल्लामसलत करावी, असा आदेश निघाला. ऐकायला दिलासा वाटतो आणि तो आहेही. पण दरवर्षी १० टक्के वाढ झाली, तर ४०,००० चा प्रीमियम पाच वर्षांत ६४,००० च्या वर जातो. पेन्शन त्या वेगानं वाढत नाही. म्हणून आज परवडतो तेवढा प्रीमियम निवडू नका. पाच वर्षांनी परवडेल असा निवडा. मोठ्या रकमेची पॉलिसी तीन वर्षांत सोडून देण्यापेक्षा मध्यम रकमेची पॉलिसी कायम चालवणं बरं.

खर्च आटोक्यात ठेवण्याचा एक मार्ग म्हणजे सुपर टॉप-अप. यात ठरावीक रकमेपर्यंतचा, समजा ५ लाखांपर्यंतचा, वर्षाचा खर्च तुम्ही किंवा तुमच्या मूळ पॉलिसीनं उचलायचा आणि त्यापुढचा सुपर टॉप-अपनं. प्रीमियम बराच कमी असतो. पण त्यालाही प्रतीक्षा काळ असतोच.

स्वस्त पॉलिसीचं गणित

ज्येष्ठांसाठीच्या अनेक पॉलिसी स्वस्त दिसतात, कारण त्यांत दोन अटी असतात : खोलीभाड्याची मर्यादा आणि को-पे, म्हणजे दाव्यातला तुमचा वाटा. एक उदाहरण बघा.

पॉलिसी ५ लाखांची, खोलीभाडं १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. तुम्ही ८,००० रुपयांची खोली घेतली, पाच दिवस राहिलात. बिल असं आलं : खोली ४०,०००, डॉक्टर, शस्त्रक्रियागृह, नर्सिंग १,६०,०००, औषधं, इम्प्लांट, तपासण्या १,००,०००. एकूण ३ लाख.

तुम्हाला वाटतं, फक्त खोलीतला फरक, म्हणजे १५,००० रुपये भरावे लागतील. पण डॉक्टर आणि शस्त्रक्रियागृहाचा खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो : १,६०,००० चे पाच अष्टमांश, म्हणजे १,००,०००. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांवर ही कपात लागत नाही. कंपनी देणार २५,००० + १,००,००० + १,००,००० = २,२५,०००. तुमच्या खिशातून ७५,०००. त्यावर २० टक्के को-पे असेल, तर कंपनीचे १,८०,००० आणि तुमचे १,२०,०००.

यावरून दोन गोष्टी घ्या. पॉलिसी निवडताना शक्यतो खोलीभाड्याची मर्यादा नसलेली घ्या. आणि मर्यादा असेलच, तर दाखल होताना "आमच्या पॉलिसीत बसेल तीच खोली द्या" असं ठामपणे सांगा. बाबांसाठी चांगली खोली घ्यावी, हे मुलांचं प्रेम समजतं. पण त्याची किंमत खोलीच्या भाड्यापुरती राहत नाही.

मुलाच्या कंपनीचा विमा आणि गट पॉलिसी

मुलगा किंवा मुलगी खासगी कंपनीत असेल, तर तिथल्या गट विम्यात आई-वडिलांना घेता येतं का, ते विचारा. अशा गट विम्यात आधीचे आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरले जातात. पण नोकरी बदलली की तो विमा संपतो. बँक खातेदारांसाठीच्या किंवा संघटनेच्या गट पॉलिसीचंही तसंच आहे : करार तुमच्याशी नसून बँकेशी किंवा संघटनेशी असतो. तो पुढच्या वर्षी राहील याची खात्री नसते. अशा विम्याचा लाभ जरूर घ्या, पण त्याच्या भरवशावर स्वतःची जुनी पॉलिसी बंद करू नका. गट विमा सुटण्याची चिन्हं दिसली, तर त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, हे मुदत संपण्याआधी विचारा. वैयक्तिक पॉलिसी दुसऱ्या कंपनीत न्यायची असेल, तर नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी अर्ज करा. पूर्ण केलेला प्रतीक्षा काळ सोबत येतो. वाढवलेल्या रकमेला मात्र तो नव्यानं लागतो.

आजार लपवू नका, आणि अंदाजानं सांगूही नका

डॉक्टर म्हणून हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फॉर्म भरताना "शुगर लिहू नका, प्रीमियम वाढेल" असा सल्ला देणारे भेटतात. पुढे दावा येतो, तेव्हा कंपनी रुग्णालयाचा केसपेपर मागवते, आणि त्यात तुमचाच इतिहास लिहिलेला असतो.

दाखल होताना निवासी डॉक्टर विचारतात, "डायबेटीस किती वर्षांपासून?" नातेवाईक घाईत सांगतात, "असेल दहा-बारा वर्षं." केसपेपरवर १२ वर्षं लिहिलं जातं. प्रत्यक्षात निदान सहा वर्षांपूर्वीचं असतं आणि पॉलिसी आठ वर्षांची. एका अंदाजानं खरा दावा अडकतो. नंतर दुरुस्ती करून घेणं शक्य असतं, पण जुने रिपोर्ट लागतात आणि दरम्यान पैसे भरावे लागतात.

म्हणून एका वहीत तीन रकाने करा : आजार, निदानाची तारीख, पहिला रिपोर्ट कुठे आहे. शिक्षकाला हे सांगायला नको. हजेरीपट जपलेला माणूस हे काम उत्तम करतो. त्या वहीचा फोटो मुलांच्या मोबाइलमध्ये ठेवा. माहीत नसेल, तर "नक्की आठवत नाही, रिपोर्ट पाहून सांगतो" असं सांगा.

कोणत्या वयात काय करावं?

५५ ते ५८ : पॉलिसी घ्या. तब्येत चांगली असेल, तर याच वयात अटी सगळ्यात सैल मिळतात. जोडीदारालाही घ्या. कौटुंबिक फ्लोटरचा प्रीमियम मोठ्या व्यक्तीच्या वयावर ठरतो. दोघांच्या वयात जास्त अंतर असेल, तर वेगवेगळ्या पॉलिसींचा भाव काढून बघा. रेशनकार्ड आणि आधार जुळवा.

५८ ते ६५ : पॉलिसी नसेल, तर अजूनही घ्या, पण उपदानाची सगळी रक्कम मुदत ठेवीत किंवा मुलाच्या फ्लॅटमध्ये घालण्याआधी. प्रतीक्षा काळात महात्मा फुले योजना हाच तुमचा आधार, म्हणून तिची रुग्णालयं माहीत असू द्या.

६५ ते ७० : नवी पॉलिसी महाग पडेल. भाव काढा, परवडत नसेल, तर सुपर टॉप-अप आणि स्वतःचा राखीव निधी यांचा विचार करा. जुनी पॉलिसी असेल, तर ती या टप्प्यावर सोडू नका. तिचं घड्याळ पूर्ण झालेलं आहे.

७० च्या पुढे : वाढदिवस झाला की वय वंदना कार्ड काढा. आधारवरची जन्मतारीख चुकीची असेल, तर आधीच दुरुस्त करा. कार्ड मिळालं म्हणून खासगी पॉलिसी त्याच दिवशी बंद करू नका. तुमच्या भागातली चांगली रुग्णालयं योजनेत किती आहेत, ते पाहून मग निर्णय घ्या.

आणि सर्व वयांत : ओपीडीचा खर्च विमा भरत नाही, म्हणून पेन्शनमधून दरमहा थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाका. औषधांची जेनेरिक आवृत्ती चालेल का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. वर्षानुवर्षं वाचणारा पैसा तिथे आहे.

दावा नाकारला तर?

कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीनं एका तासात निर्णय द्यावा आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असा २०२४ चा नियम आहे. उशीर झाला, तर रुग्णालयाच्या विमा कक्षाला या नियमाची आठवण करून द्या.

नकार तोंडी स्वीकारू नका. पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली नकार दिला, ते लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करा. दाद लागली नाही, तर नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर. त्यानंतर विमा लोकपाल. त्यांची कार्यालयं मुंबई आणि पुण्यात आहेत. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, फक्त कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर वर्षभरात जायला हवं. नवी पॉलिसी हातात आल्यावर अटी पटल्या नाहीत, तर ३० दिवसांत ती परतही करता येते. म्हणून पॉलिसीचा कागद आला की त्याच आठवड्यात वाचा.

पेन्शनर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतात. त्याच आठवड्यात हेही एक काम जोडून घ्या : पॉलिसीची नूतनीकरणाची तारीख, रेशनकार्ड, आधार, आयुष्मान कार्ड, आजारांची वही आणि तीन रुग्णालयांची यादी एका फाईलमध्ये आहे ना, ते बघा. फाईल कुठे ठेवली आहे, हे घरातल्या किमान दोघांना सांगा. रात्री दोन वाजता छातीत दुखायला लागलं, तर ती फाईल शोधणारे तुम्ही नसाल.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. योजनांची रुग्णालयं आणि उपचारांच्या याद्या बदलत राहतात. दाखल होण्याआधी आरोग्यमित्राकडून किंवा हेल्पलाइनवरून खात्री करून घ्या. आणि कोणत्याही कार्डाची वाट पाहत तातडीचे उपचार लांबवू नका.